साहेबाचं निव्वळ वजन

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०
आजपासून साहेब रॉ डाएटवर. कच्चं मांस, कच्चं हाड, कच्चे अवयव. प्रमाण ८०-१०-१०. व्हिडिओतला माणूस म्हणतो, कुत्रा हा मुळात लांडगा आहे, हे विसरू नका. मी साहेबाकडे पाहिलं. तो सोफ्यावर उताणा पडून घोरत होता. पण मुळात आहेच.

साहेब मुलीचा कुत्रा. नोकरीत एकतीस वर्षं साहेबांपुढे उभा राहिलो, म्हणून तिने मुद्दाम हे नाव ठेवलं. तिची बदली झाली, नवं घर लागेपर्यंत तो आमच्याकडे. १३ डिसेंबरला ती येणार. जाताना म्हणाली, बाबा, तोवर तुम्हाला जमलं आणि तो धडधाकट राहिला तर राहू दे तुमच्याकडेच, नाहीतर मी घेऊन जाते.

मला वैयक्तिक काही नाही. गेला तर सकाळचा एक तास वाचेल. पण काम अंगावर घेतलं की ते नीट करायचं, एवढंच.

कोरड्या खाण्याची गोणी मुलीने दिली होती, ती माळ्यावर टाकली. ही म्हणाली, अहो, तो ते आवडीने खातो. आवडीने मीही बरंच काही खाल्लं असतं.

वजन. हा माझा प्रांत. उभी नोकरी ट्रकच्या वजनकाट्यावर गेली. आधी रिकामी गाडी, मग भरलेली गाडी, वजाबाकी केली की निव्वळ माल. साहेब एकटा काट्यावर ठरत नाही, तेव्हा गाडी मी. निवृत्तीला स्टाफने दिलेला डिजिटल काटा आज पहिल्यांदा उपयोगी पडला.

मी, रिकामा: ७१.४
साहेबाला उचलून: ८९.६
साहेब, निव्वळ: १८.२

साहेबाच्या डॉक्टरांच्या कार्डावरही १८.२ च आहे. काटा खोटं बोलत नाही. रिकाम्या गाडीच्या वजनाला आम्ही टेअर म्हणतो. तो एकदा घेतला की घेतला. वहीच्या पहिल्या पानावर ७१.४ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

खुराक: वजनाच्या अडीच टक्के. रोज ४५५ ग्रॅम.

३ नोव्हेंबर
खाटकाने विचारलं, कुणाला हवंय? म्हटलं, साहेबाला. त्याने आतून चांगलं काढून दिलं. गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

फ्रीझरमध्ये चौदा पाकिटं रचली. प्रत्येकावर तारीख, ग्रॅम, सही. ही म्हणाली, आइस्क्रीम कुठे ठेवू? म्हटलं, आइस्क्रीम ही गरज नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५
पहिलं कच्चं जेवण. दोन दिवस दूध-पोळीवर भागवलं होतं. कोंबडीची मान. साहेबाने हुंगली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हुंगली. मग अगदी अदबीने उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला. लांडगा शिकार गुहेत नेतो, असं हिला समजावून सांगत होतो.

सकाळी ७.३०
हिने चपलेत पाय घातला. मान चपलेत होती. किंकाळी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंपर्यंत गेली. त्या काय झालं म्हणून खाली आल्या आणि कळल्यावर तशाच वर गेल्या.

७ नोव्हेंबर
साहेबाचं पोट बिघडलं. जिन्यात तीनदा. व्हिडिओतला माणूस म्हणतो, घाबरू नका, हे डिटॉक्स. मास्तरीणबाईंना जाऊन सांगितलं, डिटॉक्स आहे. त्या म्हणाल्या, जे काही आहे ते फिनेलने पुसून घ्या. पुसलं.

८ नोव्हेंबर
एक तांत्रिक अडचण. साहेब वाडग्यातलं थोडंच खातो. थोडं तुळईसारखं आडवं धरून गच्चीत नेतो आणि कुंडीत पुरतो. पाकीट मात्र अख्खं वितळलेलं असतं, आणि एकदा वितळलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही, हा नियम. टाकून द्यायला मन होत नाही. ही म्हणाली, मग काय करायचं त्याचं? कांदा आणि मिरी घालून परतायचं. ही अवयवांना तोंड लावत नाही. तेव्हा मीच. अन्न वाया जाऊ नये म्हणून.

कलेजी बरी लागली.

वहीत 'पाकीट संपलं' अशी नोंद केली. फाटकातून माल गेला की पोचला, असं आम्ही धरत असू.

९ नोव्हेंबर, रविवार
एकूण ८९.९. वजा ७१.४. साहेब १८.५.
एका आठवड्यात तीनशे ग्रॅम! डिटॉक्स होऊनसुद्धा! मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तो खातोय ना नीट? म्हटलं, पाकिटं शिल्लक राहत नाहीत. हे शब्दशः खरं आहे.

१२ नोव्हेंबर
साहेब रोज दुपारी माळ्याखाली बसून वर टक लावून बघतो. तासन्‌तास. पाल असावी.

१६ नोव्हेंबर, रविवार
एकूण ९०.५. साहेब १९.१.
वजन वाढलं, तर खुराकही वाढवायलाच हवा. आता ४७८ ग्रॅम. सकाळी साहेबाने साधारण साठ खाल्ले. उरलेले परतले. ही म्हणाली, पुरे झालं. म्हटलं, विज्ञानात पुरे झालं असं नसतं. थोडं मीठ कमी होतं.

१९ नोव्हेंबर
साहेबाच्या गळ्यातला पट्टा सैल झालाय. एक भोक घट्ट केला. योगायोग असा की माझा कमरेचा पट्टा आटलाय, तो एक भोक सैल करावा लागला. दोन्ही पट्टे एकाच दुकानातले. तिथे परत जाणार नाही.

२१ नोव्हेंबर
ही म्हणते, कुत्र्याच्या फासळ्या मोजता येतात. मी मोजल्या. खरंच येतात. व्हिडिओतल्या माणसाने हे आधीच सांगितलंय: चरबी जाते आणि स्नायू दिसू लागतात. हिला म्हटलं, याला डेफिनिशन म्हणतात. ही म्हणाली, मग तुमची डेफिनिशन कुठे गेली? बायकांना पोटाशिवाय काही दिसत नाही.

२४ नोव्हेंबर
काल रविवार असून वजन घेता आलं नाही. साहेबाने कुंडीतून गेल्या पंधरवड्याचा माल उकरून काढून मास्तरीणबाईंच्या पायपुसण्यावर मांडला. ओळीने. त्यांचे पाहुणे यायचे होते, ते जिन्यातूनच परतले. काल दिवसभर माफी मागणे आणि धुणे यात गेला. मास्तरीणबाई म्हणाल्या, मला कुत्र्याचा राग नाही.

म्हणजे कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर
संध्याकाळी पेपर वाचत बसलो की साहेब येऊन माझ्या पावलांवर अंग टाकतो. पायांना मुंग्या येतात. उठवत नाही. काल दीड तास तसाच बसलो होतो. पेपर दोनदा वाचून झाला, छोट्या जाहिरातींसकट.

३० नोव्हेंबर, रविवार
एकूण ९१.४. साहेब २०.०.
वीस किलो! रेशन बरोबर अर्धा किलो. हिला हाक मारून वही दाखवली. हिने वही पाहिली, कुत्रा पाहिला, मला पाहिलं. म्हणाली, एकदा स्वतःचंही वजन करून बघा ना.

हसू आलं. एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला हे सांगायचं! समजावून सांगितलं की रिकामी गाडी रोज मोजत नाहीत. गाडी काय जेवते का? मग तो जुना किस्सा सांगितला. एक वाळूवाला दरवेळी दोनशे किलो जास्त दाखवायचा. मीच पकडला. भरलेली गाडी काट्यावर आणताना केबिनमध्ये पाण्याचे दहा कॅन, माल उतरवून रिकामी मोजायच्या आधी ते ओतून यायचा. माल तेवढाच, फुगायची ती गाडी. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

ही म्हणाली, हो, ऐकलंय हे. आणि कांदा चिरायला गेली.

४ डिसेंबर
पँटचं बटण तुटलं. इस्त्रीवाल्याला बोललो, कपडे आटवतोस तू. तो म्हणाला, काका, मी फक्त इस्त्री करतो. उलट उत्तरं.

जिना चढताना दम लागतो. हवा बदलतेय.

७ डिसेंबर, रविवार
एकूण ९१.९. साहेब २०.५.
आज उचलताना साहेब हलका वाटला. सरावाने माझी ताकद वाढली असणार.

१० डिसेंबर
मुलीचा फोन. नव्या घराला छोटी बाग आहे. साहेबाला आवडेल, म्हणाली. शनिवारी आधी डॉक्टरांकडे जाऊ, मग ठरवू. मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात, आकडे आहेत. ती म्हणाली, बरं, बघू.

बाग असेल. बागेत काय, कुंड्या इथेही आहेत.

साहेब जाऊ नये असं मला वाटतं. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो. सकाळी मी उठायच्या आधी तो पलंगाशी येऊन उभा राहतो. काही करत नाही, नुसता उभा. निवृत्त झाल्यापासून माझी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. रॉ डाएट वगैरे ठीक आहे.

१३ डिसेंबर, शनिवार, सकाळी ६
मुलगी पोचायच्या आत अंतिम वजन. एकूण ९२.२. साहेब २०.८. सहा आठवड्यांत दोन किलो सहाशे. तक्ता लाल पेनने काढला. वही पिशवीत घातली. आज डॉक्टरांनाच काहीतरी शिकायला मिळेल.

दुपारी १
मुलीने साहेबाला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. प्रवासाचा शीण असेल म्हणून वही पुढे केली. ती पान उलटत गेली.

दवाखान्यात जमिनीलगत मोठा काटा आहे. साहेब त्यावर शहाण्यासारखा उभा राहिला. माझ्या काट्यावर कधी राहिला नव्हता.

१६.१.

मी डॉक्टरांना सांगितलं, तुमचा काटा बिघडलाय. कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं? ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, गेल्याच महिन्यात, पण खात्री करून घ्या, तुमचं वजन तुम्हाला पक्कं माहीत असेल, तुम्हीच उभे राहा. मी म्हटलं, एकाहत्तर पॉइंट चार, लिहून ठेवा. आणि उभा राहिलो.

७६.१.

म्हटलं, बघा, पावणेपाच किलोचा घोळ! ही खाली बघून पदर तोंडाला लावून उभी होती. डॉक्टर पेनचं टोपण लावत काढत होते. मुलगी शेवटी माझीच. लहानपणी सुटीत काट्यावर माझ्याशेजारी बसून वजाबाक्या करायची. तिने वहीचं पहिलं पान उघडलं आणि हळूच विचारलं, बाबा, तुमचा टेअर कधीचा?

मी काट्यावरच उभा होतो. मनात बेरीज केली. १६.१ आणि ७६.१. ९२.२. सकाळी लिहिलं होतं तेवढंच, ग्रॅमचाही फरक नाही. माझा काटा बरोबर होता.

माल घटला होता. फुगली होती ती गाडी.

संध्याकाळी
डॉक्टर म्हणाले, रॉ डाएट देणारे देतात, पण कुत्रा ते खातोय का, हे बघतात. हा नुसता अर्धपोटी राहिलाय, बाकी काही नाही. सध्या उकडलेलं द्या, आणि त्याचं कोरडं खाणं.

माळ्यावरून गोणी काढली. साहेब वाडगाभर खाऊन पुन्हा वाडग्यापाशी उभा. वर माळ्यावर पाल नव्हती. तो खात असताना मी गच्चीत जाऊन उभा राहिलो. मला त्याच्याकडे बघवेना.

१४ डिसेंबर, रविवार
साहेब गेला. मुलगी रागावली नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत. मग वहीच्या पहिल्या पानावर, माझ्या दोन रेघांच्या खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: गाडी ७१.४ वर आली की माल परत. खाली तारीख आणि सही. मीच शिकवलंय तिला, सहीशिवाय नोंद धरत नाहीत.

साहेबाने मुलीच्या गाडीच्या मागच्या काचेला नाक लावलं होतं. वळणापर्यंत दिसत होता.

निश्चय: उद्यापासून पाच वाजता चालणे. सूप आणि काकडी. पाच किलो म्हणजे काय मोठंसं? महिनाभरात साहेब घरी.

१७ डिसेंबर
चालायला निघालो. एकट्याने चालताना लोक बघतात. कोपऱ्यावरून परत आलो. उद्या मास्तरीणबाई सोबत येते म्हणाल्या आहेत. त्यांनी साहेबाची चौकशीही केली.

२० डिसेंबर
पेपर वाचताना पाय गार पडतात. मोजे घातले. तसं नाही होत ते.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी ७
काट्यावर उभा राहिलो. एकटाच. सवयीने दोन्ही हात पुढे धरले होते, ते खाली केले.

७६.६.

कपड्यांचं वजन वजा करावं म्हटलं. पण २ नोव्हेंबरलाही कपडे होतेच. टेअर टेअरच.

दुपारी १२
पहाटेपासून लाइट नाही. फ्रीझर उघडून पाहिला. साहेबाची अकरा पाकिटं शिल्लक होती, माझ्या सहीची. सगळी मऊ पडली आहेत. कुत्र्यांना वाटून टाका, ही म्हणाली. खाली नेली. गल्लीतल्या कुत्र्यांनी हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं, साहेब बघायचा अगदी तसं. दोन पाकिटं कशीबशी संपली. नऊ घेऊन वर आलो.

एकदा वितळलेलं पुन्हा गोठवत नाहीत.

उद्यापासून काकडी नक्की. हिने कढई काढली आहे.