बशीतला चहा

इंदूर,
ता. १२ जानेवारी १९६९, रविवार

तीर्थरूप आबांस,
मल्हारीचं तुमच्या पायावर डोकं. मी हिकडं खुशाल आहे. आईचा गुडघा आता कसा आहे? काळ्या कुत्रीला पिल्लं झाली का? सारजाक्का, तू वाचून दाखवशील म्हणून सांगतो, घाई करू नको. आबा मधीच उठून गेले तर ते येऊस्तोवर थांब.

तर मागच्या सोमवारी आमचा ट्रक औरंगाबादवरून गेला. शहागंजात टायर बसवायला वेळ होता, तवा आमचे डायवर, उस्ताद म्हणतो मी त्यांना, म्हणाले, चल, नाश्ता अन् जेवण एकदमच उरकू. मी त्यांना रहीमचाचाच्या हॉटेलात नेलं. बाकडी तीच. आरसा तोच, फक्त कोपऱ्यातून तडकलाय.

नान-खलिया मागवला. मटणाचा लाल रस्सा बघितला अन् तुमची आठवण आली. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मेंढरं विकून आपण इथं बसायचो, अन् तुम्ही पहिल्या घासाचा वास घेऊन म्हणायचे, "बघ रे, ही आपली बांडी मेंढी तर नाय?" मी रडकुंडीला यायचो. तुम्ही पोट धरून हसायचे. मग दोघांत एकच चहा. कप मला, बशी तुम्हाला.

जेवून उस्ताद हात धुवायला गेले अन् चहा आला. मी अर्धा बशीत ओतला अन् समोरच्या रिकाम्या बाकड्याकडं सरकवला. हात आपसूक गेला. गल्ल्यावरून रहीमचाचा बघत होते.

"तू मुंजाबा का पोट्टा है ना?"

"व्हय."

"बाप बोलता, पोट्टा डायवर बन गया, बड़ी गाड़ी चलाता. हर जुम्मेरात को सुनाता. आधे बाजार के कान पका डाले."

आबा, माझ्या सदऱ्यावर ग्रीस, खांद्यावर फडकं. मी अजून क्लीनरच आहे. काचा पुसतो, टायर ठोकून बघतो. पण उस्तादांनी मागून समदं ऐकलं होतं. खिशातली किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "डायवरसाब, चाय पी लो, देर हो रही."

बाहेर आल्यावर किल्ली परत घेतली अन् लई हसले. तवापासनं रस्ता मोकळा असला की घटकाभर स्टेरिंग देतात.

ट्रक आपल्या दौलताबादवरूनच गेला. किल्ल्याच्या अंगाला मेंढरं दिसली. आपली का दुसऱ्याची, कळलं नाय. उतरलो नाय. मी निघालो तवा तुम्ही म्हणाले होते, काठी टाकून चाललास तर परत माझ्या दारात उभा राहू नको. तुमचा शब्द मी मोडणार नाय.

पण रहीमचाचाचं हॉटेल काय तुमचं दार नाय. २३ तारखेला गुरुवार आहे. उस्तादांनी सुट्टी दिलीय. बाजार उरकला की तिथं या, मी सकाळपासनं बसून राहीन. चाचाला खरं सांगायचं का नाय, ते तुमच्यावर. चहा एकच मागवू. या खेपेला कप तुमचा, बशी माझी.

तुमचा,
बाजारातला डायवर
मल्हारी