पोलिओ नव्हता

४ ऑगस्ट
फळ्यावर तारीख लिहिताना खडू सुटला. आठवड्यातली तिसरी वेळ. चौथीच्या पोरांनी उचलून दिला. त्यांना बाईंचं सगळं माहीत. बाई गुडघा उचलून चालतात, बाई जिन्यावर कठडा सोडत नाहीत. पण खडू नवीन. पाय पोलिओचे, ते लहानपणापासूनचे. बोटांना आता काय झालं, बेचाळिसाव्या वर्षी?
संध्याकाळी संजयनं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून ठेवलेलं. मी मागितलं नव्हतं. नवऱ्याचं लक्ष आहे म्हणायचं.

८ ऑगस्ट
शाळेत अर्धी रजा. मिरजेला, नसांच्या डॉक्टरबाईंकडं. एकटीच गेले.
घोट्यामागं हातोडी मारली, गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. मग तारा लावून विजेचे बारीक झटके, पायाला, हाताला. तळवा हातात धरून बराच वेळ बघत बसल्या. कमान उंच, बोटं आकसलेली.
"पोलिओ कुणी सांगितला?"
"आईनं."
"दोन्ही पाय अगदी सारखे आहेत हो. पोलिओ असा जोडी लावून येत नाही सहसा. घरात अजून कुणी असं चालतं?"
"नाही."
‘नाही’ का म्हणाले? किसनमामा डोळ्यांसमोर उभा होता. वडूजजवळच्या वाडीतलं अंगण, मामाचा गुडघा वर, पाऊल खाली थप. आणि आई. जाऊन चार वर्षं झाली. घोट्याच्या खाली लुगडं, आणि पाहुणे आले की जागची उठायची नाही. लोक म्हणायचे शिष्ट आहे.
रक्त दिलं. जनुकाची तपासणी बाहेरगावी होते. दीड महिना तरी.
संजयला सांगितलं, बोटांसाठी गोळ्या दिल्यात. गोळ्या कसल्या.

१९ ऑगस्ट
तन्वी घोटा मुरगळून आली. खो-खोचा सराव, खांबाला वळसा घेताना. पंधरा वर्षांची पोरगी, रोज पळते, मुरगळणारच. आंबेहळद उगाळून लावली. लावता लावता तळवा उलटा करून बघितला. कमान माझ्यासारखी? संजयचे पाय तर सपाट.
"आई, मुरगळलाय वरून. खाली काय बघतेस?"
"माती आहे का बघते."

२ सप्टेंबर
बसस्टँडवर तन्वी पुढं चाललेली, मी मागं. तिची पावलं मोजत होते. उजवा, डावा, उजवा. डावा जरा जास्त उचलते? दप्तर डाव्या खांद्यावर होतं. घरी आल्यावर स्वतःची लाज वाटली. आई आहे की पहारेकरी.

२६ सप्टेंबर
रिपोर्ट आला. पोलिओ नव्हता. कधीच नव्हता.
जनुकाचं नाव एन-ई-एफ-एल. डॉक्टरबाईंनी कागद उलटा करून त्यावर चित्र काढलं. म्हणाल्या, "नस म्हणजे ऊस समजा. ऊस चावून चोथा केला की धागे निघतात ना? त्या धाग्यांवर ऊस ताठ असतो. नसेच्या आतही तसे धागे असतात, न्यूरोफिलामेंट म्हणतात. ते कसे करायचे ते हा जनुक सांगतो. तुमच्या जनुकात एक अक्षर चुकलंय. धागे नीट जुळत नाहीत, गाठी होतात, नसेला लागणारा माल शेवटपर्यंत पोचत नाही. सगळ्यात लांबच्या नसा पायाच्या, म्हणून आधी पाय. मग हात."
एक अक्षर. मी चौथीच्या वह्यांत रोज अशी शंभर अक्षरं लाल करते.
त्या म्हणाल्या, नस झिजली की या धाग्यांचे तुकडे रक्तात येतात. आठवण जाणाऱ्या आजारात, अंग लुळं पडणाऱ्या आजारातही आता ते मोजतात. माझं तोंड बघून घाईनं म्हणाल्या, "तुमचं तसलं नाही. हे हळू चालतं. याच्यानं आयुष्य कमी होत नाही शक्यतो." औषध नाही. व्यायाम आहे, पायाला आधार देणारे पट्टे आहेत.
मग मी विचारलं. ‘आणि पुढं मुलांना…’ एवढंच. त्यांनाच कळलं.
"मुलं किती?"
"एक. मुलगी."
"अर्धी शक्यता. होय किंवा नाही. पण तिला काही त्रास नसेल तर आत्ता तपासू नये असं आम्ही म्हणतो. अठरा पूर्ण झाली की ती स्वतः ठरवेल, जाणून घ्यायचं की नाही."
मिरजेहून सांगलीला येताना खिडकीला डोकं टेकून बसले. आईवर राग येत होता, आणि आईच हवी होती.

२९ सप्टेंबर
संजयला सांगितलं नाही.

३० सप्टेंबर
आजही नाही. लग्न ठरताना आईनं यांच्या घरी स्वच्छ सांगितलेलं: लहानपणी पोलिओ झाला, पुढं पोराबाळांना काही नाही. मी शेजारीच बसले होते. मला खरं माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगते. पूर्ण माहीत नव्हतं, हे खरं. मामाला बघितलं होतं, हेही खरं.

२ ऑक्टोबर
सुटी. तन्वी मैदानावर. संजय मिक्सर उघडून बसलेला. एसटीच्या डेपोत गाड्या खोलतो, सुटीला घरातलं काहीतरी खोलतो. समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पोलिओ नव्हता, घराण्यातून आलंय, तन्वीलाही असू शकतं, आमच्या आईनं तुम्हाला फसवलं.
त्यानं पान्हा खाली ठेवला.
"हळदीच्या दिवशी तुझ्या मामाला मांडवातनं येताना बघितलं होतं की मी. आईंना पण. शुभा, मी मेकॅनिक आहे. एका घरच्या तीन गाड्या एकसारख्या झोल खात असतील, तर ते काय खड्ड्यामुळं असतं व्हय?"
"मग लग्न का केलंत?"
"तू आवडली होतीस म्हणून." वर बघेना. कानाच्या पाळ्या लाल.
"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"
"पोलिओ म्हणताना तुला बरं वाटायचं. म्हटलं, पोलिओ तर पोलिओ."
मी रडले. मग त्याला विचारलं, तन्वीच्या वेळी भीती नाही वाटली?
"वाटली की. अजून वाटती. तिचे बूट बघतो मी रोज. टाच झिजती का चवडा, ते."
म्हणजे पंधरा वर्षं एका घरात दोघं, एकमेकांना चोरून, एकाच पोरीचे पाय बघत होतो.
मिक्सर जोडून झाला. एक स्क्रू उरला. चालतोय पण.

५ ऑक्टोबर
विट्याला गाडी बदलून वडूज, तिथून वाडीला रिक्षा. किसनमामा दारातच, शेळीला पाला घालत. अडुसष्ट वर्षांचा, एकटा. पिठाची गिरणी होती, बोटं वळेनात तेव्हा विकली. वाडीत शिरलं की माझं बोलणं बदलतं आपोआप.
"मामा, ह्यो पोलिओ न्हाई. आजोबांकडनं आलंय आपल्यात."
"ते ठावं हाय मला."
"कवापासनं?"
"बा तसा चालायचा, मी तसा, तुझी आई तशी. ह्याला काय शाळा शिकाया लागती व्हय? त्यातनं सुटाया तिनं पोलिओ म्हनायचं काढलं." शेळीला गोंजारत राहिला. मग म्हणाला, "पन नाव हाय का त्याला कायतरी?"
डॉक्टरबाईंचा ऊस सांगितला. आतले धागे, गाठी, एक चुकलेलं अक्षर. मामा मान खाली घालून ऐकत होता, प्रत्येक शब्द.
"म्हंजी कुनी काय केलं म्हनून झालं न्हवं ह्ये?"
"न्हाई मामा. कुनी काय न्हाई केलं."
"आमची आय म्हनायची, पोटुशी असताना तिनं सूर्याचं गिराण बघितलं. गिराणात विळी हातात धरली. म्हनून पोरांचं पाय गेलं. मरस्तवर सोताला बोल लावत हुती. तिला कुनीतरी सांगायला पायजे हुतं, पोरी."
बाहीनं डोळे पुसले. मामाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.
चहा पिताना आपणहून म्हणाला, मायणीची एक मुलगी सांगून आली होती त्याला. चांगली होती. "मीच न्हाई म्हनलं. म्हनलं, माझ्यापाशी संपू दे ह्ये."
माझ्या हातात कप तसाच राहिला. मामानं संपवायचं म्हणून लग्न केलं नाही, आणि मी…
त्यानं बरोबर ओळखलं. "तुला न्हाई म्हनत मी. तन्वी झाली तवा वाडीभर पेढं वाटल्यात म्या. ती नसती तर बरं झालं असतं, आसं म्हनशील का तू?"
"न्हाई."
"मग झालं की."
निघताना भुईमुगाच्या शेंगा दिल्या पिशवीभर. नको म्हटलं तरी.

१२ ऑक्टोबर
तन्वीला सांगितलं. सकाळी गच्चीवर, कपडे वाळत घालताना. संजय म्हणाला होता दोघं मिळून सांगू, पण म्हटलं माझ्याकडून आलंय, मीच सांगते. तो जिन्यात बसून होता.
सगळं ऐकलं तिनं. चिमटे एकेक करून लावत होती.
"मला आहे का?"
"माहीत नाही. अर्धी शक्यता."
"तुला आधी माहीत होतं?"
"पूर्ण नव्हतं."
"अर्धं होतं ना?"
"हो."
उरलेले कपडे बादलीत टाकून खाली गेली. संजय जिन्यात उठून उभा राहिला, तिनं त्याच्याकडंही बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर
बोलत नाही. जेवते, सरावाला जाते, येते. संजय म्हणतो राहू दे. राहू देते.

१५ ऑक्टोबर
वह्या तपासत होते, समोर येऊन उभी राहिली.
"मला तपासायचं नाहीये. आत्ता तरी नाही. अठराला बघू."
"बरं."
"पण तू माझ्या पायांकडं बघणं बंद कर. तू बघायला लागलीस की मला चालताच येत नाही. कुठला पाय आधी टाकायचा तेच कळत नाही. आणि बाबांना सांग, माझ्या बुटांना हात लावायचा नाही."
तिला सगळं माहीत होतं. आम्हीच चोर.
मग जवळ बसली. माझा हात घेतला, बोटं एकेक सरळ करून बघितली. "हे दुखतं का?" म्हणाली. पहिल्यांदाच विचारलं कुणी. दुखत नाही. फक्त बोटं ऐकत नाहीत.

१८ ऑक्टोबर
पायांचे आधार आले. पोटरीपासून तळव्याखालपर्यंत, बुटात बसतात. पट्टा ओढायला बोटांत जोर नाही, तन्वीनं लावून दिले. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. पाऊल थप वाजलं नाही. संजय स्वयंपाकघरातून म्हणाला, "कोण आलंय?" मला आधी कळलंच नाही तो माझ्याबद्दल बोलतोय.

२५ ऑक्टोबर
दिवाळीची सुटी. तन्वीच म्हणाली, मामाआजोबांकडं जाऊ या, कळायला लागल्यापासून मी भेटलेलेच नाही नीट. खरं आहे. मीच टाळायचे. दोघांना शेजारी शेजारी चालताना बघायचं नव्हतं मला.
तिसऱ्या प्रहरी मामानं तिला ज्वारी दाखवायला नेलं. नुकती गुडघ्याला आलेली. बांधावरची वाट, ती दोघं पुढं, मी मागं. मामाचा गुडघा वर, पाऊल थप. शेजारी तन्वी. मी आभाळाकडं बघत चालले होते, कबूल केल्याप्रमाणं.
मग मामाच्या हसण्याचा आवाज आला म्हणून खाली बघितलं. तन्वी मामासारखी चालत होती. गुडघा वर, थप. गुडघा वर, थप.
"आगं ए, नीट चाल की! मामाची चेष्टा करतीस व्हय?"
"चेष्टा नाही मामाआजोबा. कसं वाटतं ते बघते."
"कसं वाटतंय?"
"दमायला होतं. आणि लांबचं दिसतं, मान वर राहते म्हणून."
मामा म्हणाला, "आता कळलं तुला. म्हनून ढग मला आदी दिसत्यात."
दोघं तशीच चालत राहिली, बोलत. ती नक्कल होती. नक्कलच होती, असं लिहिते. पुढं बाभळीपाशी वाट वळते. वळणानंतर ती आपल्या चालीनं चालायला लागली की तशीच राहिली, ते मला दिसलं नाही. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. माझ्या वेगानं चालत राहिले.