टीम उपाशी गेली

८ डिसेंबर ६४, मंगळ.
रामदास, माहा लेक, ड्यूटीवरून आला तो सरळ पाटावर बसला. जेवताना सांगतलं. साहेब म्हणे, यंदाबी आपल्या कोक ओव्हन खात्याची टीम पहिल्याच सामन्यात हरली तं टीम बंद. पोरं दुसऱ्या खात्यांत वाटून देऊ. पाच वर्षं झाली, पहिला सामना कधी जिंकलेच नाईत. कबड्डीच ते, पण त्याचा जीव त्याच्यात. पोलादाच्या कारखान्याचा पाया खोदून राहिले होते तवा हे सात जण एका टिनाखाली राहत, सारे भंडाऱ्याकडले. सातांचं मीच रांधत होती. तीच टीम. वाटून देतो म्हणे, तांदूळ आहेत का.

१० डिसें.
लीला, माही सून, म्हणते, "आत्याबाई, यंदा वडाभात राहू द्या ना." म्हटलं, "कावून?" तं सुया घेऊन विणाले बसली. सामन्याच्या दिवशी साती जण माह्या हातचा वडाभात खाऊनच मैदानावर जातेत, भातात डाळीचे वडे कुस्करून, वरून कढत तेल. एकानं कधी नाई म्हटलं नाई. देवाजी तं तीनदा भात घेते. लीला पोरगी चांगली आहे तशी. मले स्वेटर विणून राहिली, एक बाही लांब झाली.

१३ डिसें., रवि.
सामना चारले. घरातलं जवसाचं तेल सरलं म्हणून सकाळी दुर्गले गेली. बाजारात गावाकडली बाई भेटली, तिच्या पोरीचं लग्न जमलं, ते ऐकत राहिली अन् बस गेली. दुसरी बस लवकर आलीच नाई. घरी आली तं साडेचार. चूल थंड. शेजारीण म्हणे, लीलानं पोरांले मुरमुरे अन् गूळ देऊन पाठवलं, तेबी सामना पाहाले गेली. मी ओट्यावर बसली, तेलाची शिशी मांडीवर. रडली. म्हटलं, मीच बुडवली टीम.
मंग सडकेवरून गलका. देवाजीच्या खांद्यावर रामदास. रोलिंग मिलवाल्याले हरवलं.

१४ डिसें.
देवाजी आला. म्हणे, "मावशी, काल पाय कसे हलके होते. नाई तं दरसाल..." रामदास त्याच्याकडे डोळे वटारून राहिला.
म्हटलं, "बोल."
"दरसाल वाकता येत नव्हतं मावशी."
लीला पदर तोंडाले लावून आत पळाली.
पाच वर्षं. सात माणसं. एकानं सांगतलं नाई. म्हटलं, "रामदास, टीम बंद व्हायले आली तरी?"
म्हणे, "माय, तुले नाई कसं म्हणू? टिनाखाली आधी आमाले वाढे, उरलं तं तू खाये."
आधी हासली, मंग तेलाची शिशी फळीवर मांगं सरकवली, मंग पुन्हा हासली. एवढी मोठी धिप्पाड माणसं अन् मले भेतेत.

१७ डिसें.
साहेबानं टीम ठेवली. रविवारी भट्टीवाल्यांसंग सेमी. ते दरसाल पुढे जाणारे. देवाजी विचारते, "मावशी, रविवारी काय?" म्हटलं, "मुरमुरे." तोंड उतरलं त्याचं. इतक्या दिवसांत आज मले सुखाची झोप लागन. हरले तरी आता टीम आहे.

२० डिसें., रवि.
एकेक मूठ मुरमुरे देऊन धाडले. रामदास पायी लागला, म्हटलं, जाय लवकर, नाई तं चुलीकडे जाईन मी. डाळी सकाळीच भिजू घातल्या. जिंकले तं जेवतीन, हरले तं जेवतीन. मैदान दोन सडका पलीकडे. ओरडा ऐकू येऊन राहिला, कोणाचा ते कळत नाई. लीला गेली पाहाले, अजून आली नाई. पाटा धुतला, डाळ वाटाले घेतली, अर्धी झाली. सडकेवरून लीलाच्या हाका येऊन राहिल्या, बाकी मंग लिहीन.