चौथी टीम

मंगळवार, २ डिसेंबर

ब्रायनसाहेबांचा मूड खराब. म्हणून मंथली रिपोर्ट उद्यावर ढकलला. नोव्हेंबर लागला की आमचा हा अमेरिकन साहेब कॉलेज फुटबॉलच्या तंद्रीत असतो. नातू झाला तरी माणसाचं कॉलेज काही सुटत नाही. त्यांचा फुटबॉल म्हणजे पायानं कमी, हातानं जास्त. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, नियम अजून कळलेले नाहीत.

आज चहाच्या वेळी स्वतःच सांगत बसले. शंभरावर कॉलेजं, प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा सामने. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग शेवटच्या स्पर्धेत कोण जाणार? काही चॅम्पियन आपोआप जातात, बाकीचे एक कमिटी बंद खोलीत बसून ठरवते. आधी चार टीम घ्यायचे, आता बारा. साहेबांचं कॉलेज लहान. यंदा एकच सामना हरलंय. पण सोप्या टीमशी खेळून जिंकले म्हणून कमिटी नाक मुरडते.

मला तरी पद्धत बरी वाटली. चार जाणत्या माणसांनी बसावं, ठरवावं. वाईट काय त्यात?

शुक्रवार, ५ डिसेंबर

तोंड बंद ठेवायला कधी शिकणार मी.

आमच्या क्रिकेटच्या कोकण लीगची मीटिंग, मैदानावरच, गाडीच्या बॉनेटवर स्कोअरबुक ठेवून. चौदा टीम. मैदानात पाइपलाइनचं काम निघालं होतं, तीन शुक्रवार बुडाले. आता कुणाचे सहा सामने झालेत, कुणाचे चार. पॉइंट टेबलाला काही अर्थ राहिला नाही. सेमीला चार टीम घ्यायच्या कशा? आरडाओरडा. खोबरचे, दम्मामचे, जुबैलचे, सगळे एकदम बोलतायत, ऐकणारा एकही नाही.

मी आपला म्हणून गेलो, "अमेरिकेत कमिटी ठरवते."

झालं. "मग तूच बस कमिटीवर!" माझ्या गावची टीम दोन वर्षांपूर्वी मोडली, म्हणून मी तटस्थ. दुसरे हाजीसाहेब, स्पेअर पार्टचं दुकान, चाळीस वर्षं इथं सौदीत, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही (पुढे हा.सा. लिहीन, बोटं दुखतात). तिसरा जोशी. आमच्या खालच्या मजल्यावरचा, पुण्याचा, बँकेच्या आयटीत. कोकणाशी संबंध आंब्यापुरता. पण लीगचा सगळा हिशोब त्याच्या एक्सेलमध्ये असतो.

शनिवारी निर्णय द्यायचा. म्हणजे १३ला. सेमी त्यानंतरच्या शुक्रवारी, १९ला.

रविवार, ७ डिसेंबर

शमीमला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबला.

"जावेदची टीम पण हाय ना त्यात?"

आहे. जावेद माझा मेहुणा, शमीमचा धाकटा भाऊ. जुबैलच्या लेबर कॅम्पमध्ये सतरा वर्षं, वेल्डर. कॅम्पवाल्यांचा कॅप्टन. सतरा वर्षांत एकदाही सेमी खेळलेला नाही. आणि यंदा पाचपैकी पाच जिंकलेत. जानेवारीत त्याचं फायनल एक्झिट. कंपनीचं काम संपलं, इकामा म्हणजे राहायचा परवाना रद्द, कायमचा गावी.

शमीम म्हणाली, "मी काय बोलत नाय. फक्त नीट बघा."

हे "काय बोलत नाय" मला चांगलं माहीत आहे. वीस वर्षांचा संसार झालाय.

सोमवार, ८ डिसेंबर

साहेबांचं कॉलेज बाहेर. काल यादी लागली. आज कॉलेजची ती रोजची लाल टोपी नाही, केबिनचं दार बंद. दुपारी आत बोलावलं, मला वाटलं रिपोर्टचं विचारतील. तर म्हणाले, कमिटीतल्या एकानं तरी आमचा सामना शेवटपर्यंत बघितला असेल का रे?

मी म्हटलं, बघितला असेल. उगाच म्हटलं. मला काय माहीत.

बुधवार, १० डिसेंबर

जोशी लॅपटॉप घेऊन वर आला. नुसत्या जिंकण्याला किंमत नाही म्हणे. कुणाशी जिंकलात, किती फरकानं जिंकलात, ते बघायचं. समोरची टीम तगडी असेल तर हरूनही भाव वधारतो. हिरवे-पिवळे कॉलम. पहिल्या तीन टीम स्पष्ट. वाद चौथीचा.

श्रीवर्धन: सहा सामने, चार जिंकले, दोन हरले. पण हरले ते पहिल्या दोन टीमशी, आणि तिसऱ्या नंबरच्या टीमला धुतलं.

कॅम्प: पाचपैकी पाच. समोरच्या सगळ्या टीम तळाच्या. त्यातही दोन सामने जेमतेम, एक तीन रनांनी, एक चार.

जोशी म्हणाला, "तळाच्या टीमला तीन रनांनी हरवणं म्हणजे काय, सांगा तुम्हीच."

आकडे बघितले की जोशी बरोबर वाटतो. लॅपटॉप मिटला की जावेद बरोबर वाटतो. हरलाच नाही त्याला कमी कसं म्हणायचं? आणि सोप्या टीम त्यानं मागून थोड्याच घेतल्या? कॅम्पची बस अंधारात निघते, जुम्म्याच्या नमाजाआत परत पोचायला लागते. म्हणून त्यांना कायम सकाळचा पहिला सामना. खोबरच्या फ्लॅटवाल्या तगड्या टीम सुट्टीच्या दिवशी साडेसहाला उठतायत होय! पहिल्या सामन्याला येतात ते असेच उरलेसुरले.

झोया सोफ्यावरून: "बाबा, इट्स जस्ट टेनिस-बॉल क्रिकेट." सोळा वर्षांची आहे. तिला सगळंच जस्ट असतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

खुर्ची घेऊन सकाळी सव्वासहाला मैदानावर. साहेबांचं बोलणं डोक्यात होतं, म्हटलं आपण शेवटपर्यंत बघायचं. गार वारा. कॅम्पवाले बसमधून उतरले, अर्ध्यांच्या पायात सेफ्टी शूज. जिंकले, छत्तीस रनांनी. सिराज नावाचा त्यांचा एक बोलर आहे, डावखुरा. त्याचा बॉल दिसतच नाही. चार विकेट.

जावेद जवळ आला. पाणी दिलं. सेमीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. "शमीमबाजी बरी हाय?" "बरी आहे." एवढंच. बस हॉर्न देत होती.

टीम चांगली आहे. पण समोरचे फारच वाईट होते. आता या सामन्यावरून काय समजायचं?

शनिवार, १३ डिसेंबर

हा.सां.च्या दुकानात बसलो, मागच्या खोलीत, फिल्टरच्या खोक्यांमध्ये. पहिल्या तीन टीम दहा मिनिटांत झाल्या. चौथीला दीड तास.

हा.सा.: "जो हरलाच नाय त्याला भायर कसा काढतंस?" त्यांचं मत कॅम्प.

जोशी: श्रीवर्धन.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी श्रीवर्धन म्हटलं.

हा.सां.नी पुढ्यातलं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझा मेव्हणा ना रं तो?" मी म्हटलं, म्हणूनच विचार करून बोलतोय.

इथं तरी खरं लिहू दे. विचार वगैरे काही नव्हता. जावेदचं नाव घेतलं असतं तर चौदा टीम म्हणाल्या असत्या, घेतला मेहुण्याला आत. त्या भीतीनं तोंडातून श्रीवर्धन निघालं. नंतर जोशीचे कॉलम आठवून मनाची समजूत घातली.

की खरंच श्रीवर्धन चांगली आहे? असेलही.

रविवार, १४ डिसेंबर

ग्रुपवर यादी टाकली. श्रीवर्धनवाल्यांचे फटाके, कॅम्पवाल्यांकडून चकार शब्द नाही. मग जावेदचा मेसेज, सगळ्या चारही टीमना मुबारक. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रीवर्धनच्या कॅप्टननं सेमीसाठी गावची रजा पुढं ढकलली. तिकीट बदललंसुद्धा.

शमीमनं जेवण वाढलं, सांदण केलं होतं, मला आवडतं म्हणून नव्हे, आधीच पीठ भिजवलेलं होतं म्हणून. "मी त्याला घ्या बोलली होती काय? बघा बोलली होती. तुम्ही बघितलांत काय?"

बघितलं की. खुर्ची घेऊन बघितलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

घोळ झाला आहे. मोठा.

शमीमचं ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून ऑफिसमधून येताना जोशीकडून जुनं स्कोअरबुक आणलं. कागदाचं, मूळ. तीन रनांचा तो सामना काढला. समोरच्या टीमच्या बोलिंगमध्ये पेन्सिलीनं: सिराज. म्हटलं दुसरा कुणी सिराज असेल. चार रनांचा सामना काढला. तिथंही सिराज, तीन विकेट, कॅम्पच्याच विरुद्ध!

जावेदला फोन लावला. तो सहज म्हणाला, "दोन्ही टायमाला समोरची माणसं कमी आलेली ना, शिफ्ट बदललेली. आठच जण. मंग सिराजला दिला त्यांना."

आपल्याकडची रीतच ती. गावात समोरचे कमी पडले तर आपला गडी द्यायचा, आणि द्यायचा तर चांगला द्यायचा, लंगडा दिला तर लोक हसतात. मीही दिलेत, मीही गेलोय उसना गडी म्हणून आणि स्वतःच्या चुलतभावाची दांडी उडवली आहे. आणि हे कमिटीत बसलेल्या आम्हा दोघा कोकण्यांना सुचू नये? जोशीला एक वेळ माफ, त्यानं बेरजा तेवढ्या उचलल्या.

म्हटलं, "अरे नियमात नऊ लागतात, वॉकओव्हर घ्यायचा होतास." तर हसला. "पहाटेचे उठून आलेले बिचारे. परत पाठवू काय त्यांना?"

फोन ठेवल्यावर रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शमीमला सांगितलं. ती स्कोअरबुक घेऊन ते पान बघत बसली.

बुधवार, १७ डिसेंबर

जोशीनं नवीन शीट बनवली. दोन्ही सामने वॉकओव्हर धरले तर कॅम्प चौथा नाही, तिसरा. आहेत तसे धरले तर पाचवा.

"म्हणजे माणूस दिला नसता तर आत होता?"

"हो."

"मग घाल ना ते धरून."

"कुठल्या आधारावर? वॉकओव्हर झाला नाही हो. सामना झाला. चांगुलपणाचा कॉलम मी कुठून आणू?" वैतागला होता, पण चेहरा पडलेला होता. त्याचं मत श्रीवर्धनच.

हा.सा. म्हणतात, शुक्रवारी सकाळी, सेमीच्या आधी, दोघांचा एक सामना लावू, जिंकेल तो चौथा. विचारलं. श्रीवर्धनचा कॅप्टन म्हणाला, "आमची निवड झालीय. चूक तुमची, परत आम्ही कशाला खेळायचं?" अगदी खरं आहे. त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?

साहेबांना विचारलं शेवटी. सगळं सांगितलं, उसना गडी समजवायला दहा मिनिटं गेली. त्यांनी दोनदा विचारलं, विरुद्ध टीमला? स्वतःचा बेस्ट बोलर? मग म्हणाले, बाराच्या सोळा टीम करायला हव्यात, मी कधीपासून सांगतोय.

"आणि सतरावी?"

"ती रडेल." मग स्वतःच, "चार होत्या तेव्हा पाचवी रडायची."

म्हणजे त्यांनाही माहीत नाही. आणि हा माणूस जन्मभर याच विचारात आहे.

गुरुवार, १८ डिसेंबर

जावेद घरी आला. कंपनीच्या कामानं खोबरला आला होता, ड्रायव्हरनं सोडलं. शमीमनं चहा दिला आणि आत गेली. दार अर्धं उघडं ठेवून.

तो म्हणाला, "भावजी, आता बदलू नका. ते पण तयारी करून बसलेत." मला हायसं वाटलं. लाज वाटली त्या हायसं वाटण्याची.

मग कप खाली ठेवून म्हणाला, "एकच सांगा. आमची टीम कमी पडली म्हणून, की मी तुमचा मेव्हणा म्हणून?"

मी अर्ध्या उघड्या दाराकडे बघितलं.

"कमी पडली आसंल तर कायच नाय. गावी जाऊन निवांत झोपेन. पण दुसरा आसंल तर..." त्यानं रिकामा कप पुढं सरकवला. "पोरं मला विचारतात. मी सांगतो, कमिटीनं बघितलंय, बरोबरच आसंल. बरोबर सांगतो ना मी?"

मी म्हटलं, "मला कळत नाही रे, जावेद."

त्यानं मान डोलवली, सलाम करून गेला. सतरा वर्षांत या माणसानं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं, तेही नुसतं उत्तर.

शुक्रवार, १९ डिसेंबर

फजरच्या नमाजानंतर हा.सां.चा फोन. मी त्यांना काल सगळं सांगितलं होतं, ती भीतीची गोष्टसुद्धा. वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "कॅम्पवाल्यांना बी बोलावलाय. दोन्ही टीम खेळायचे कपडे घालून येतील. माझा मत कॅम्प, जोशीचा श्रीवर्धन, दोघं हललेलो नाय. उरलास तू."

"पण यादी लागली."

"यादी आपणच लावली ना? आज खरा मत दे. कुनाला बी दे, पन खरा दे."

बस निघाल्याचा जावेदचा मेसेज. अकराजण, सिराजसकट. त्याला वाटतंय, कुणाचा गडी कमी पडला तर द्यायला बोलावलंय.

आता हे लिहिताना स्वतःला विचारतोय, मेहुणा नसता तर? कॅम्प, असं मन म्हणतं. लगेच शंका येते, मंगळवारपासूनच्या अपराधीपणामुळं तर म्हणत नाही ना? तगडी टीम श्रीवर्धन. न हरलेली कॅम्प. चांगली माणसं दोन्हीकडची. सेमीला त्यातलं नक्की कोण जातं, हे त्या चौदा टीमपैकी एकानंही मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

खाली जोशी हॉर्न वाजवतोय. शमीमनं डबा दिला, बाविसांचा असावा एवढा जड. "ठरला काय?"

एवढंच ठरलंय की आधी दोन्ही टीमसमोर उभं राहून सांगायचं, शनिवारी मी खेळ बघून नाही, लोकांच्या तोंडाला भिऊन मत दिलं. जावेदच्या डोळ्यांत बघून. त्यानंतर चौथ्या टीमचं नाव घ्यायचं, आणि ते खरं घ्यायचं. कुठलं, ते अजून ठरलेलं नाही.