सोलबाक हे कुणाचं नाव

ब्लोमदाल, मिनेसोटा
९ मे १९३४

ती. थोराआत्यास,
हाल्वोरचा साष्टांग नमस्कार. डोकं तापलेलं आहे, तरी नमस्कार मनापासूनच.

शेतकी कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडून आलो हे बाबांनी तुला कळवलंच असेल. कारण मात्र त्यांना ठाऊक नाही. मार्टिन नावाच्या मित्राने लिहिलं होतं की काउंटी कचेरीतल्या दप्तरखान्यात काम करणाऱ्या मारितला हल्ली पामर रोज घरी सोडतो. त्यानंतर गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास कुणाच्या हातून होणार?

पामर म्हणजे गुन्नारकाकांचा मुलगा. शिकून मास्तर झालाय, भांग असा पाडतो की जणू पट्टी ठेवून. यंदा जूनमध्ये मिडसमरच्या सणाला पहिल्या वसाहतकऱ्यांची मिरवणूक निघणार आहे, आणि सगळ्यात आधी आलेल्या ओले सोलबाकचा नातू म्हणून निशाण धरणार पामर. शेजारी मारित. माझे आजोबा, म्हणजे तुझे वडील, ओलेचे सख्खे भाऊ, त्याच्याबरोबर त्याच झोपडीत राहिलेले. त्यांचा नातू मात्र बाकावर बसून लेफ्से, ती बटाट्याची पोळी, खाणार. मी मारितला म्हटलं की सोलबाक मीही आहे, तर ती म्हणाली की हो, पण तू मिरवणुकीआधीच सगळ्यांशी भांडून ठेवशील.

म्हणून मी आठवडाभर दप्तरखान्यात बसलो. मारित वह्या आणून देते, पामर पलीकडच्या टेबलावर काउंटीच्या इतिहासासाठी नावं उतरवतो, आणि मधूनच दोघं हसतात. कशाला हसतात ते मला ऐकू येत नाही, हे जास्त वाईट.

पण आत्या, मला सापडलं. १८८५ची शिरगणती, आजोळी राहणारा मुलगा: गुन्नार ओलसेन, वय सहा. सोलबाक नाहीच. कुठलासा ओलसेन, पुढे ऐटीत सोलबाक झालेला. मी लगेच नागरिकत्वाच्या अर्जांची वही मागितली, तर मारित म्हणाली की ती शिवायला गेलीय. गेली नसणार. पामरला वाचवायला तिने दडवली असणार. येत्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

लोभ आहेच, तो माझ्या रागासकट असू दे.
तुझा,
हाल्वोर


टाकोमा, वॉशिंग्टन
१४ मे १९३४

चि. हाल्वोरला,
थोराआत्याचे अनेक आशीर्वाद, आणि कान पिळून एक समज.

तुझं पत्र आज सोमवारी हातात पडलं. म्हणजे रविवार होऊन गेला आणि तू बोलून बसलास. बाळा, ओलेच्या मुलाला ओलसेन नाही तर काय म्हणणार? ओलसेन म्हणजे ओलेचा लेक. आपल्याकडे माणसाची ओळख बापाच्या नावाने, आणि सोलबाक हे तर नॉर्वेतल्या एका शेताचं नाव, उन्हाच्या उताराचं. जो त्या शेतावर राहील तो सोलबाक. शेत सोडून दुसरीकडे राहायला गेला की नावही दुसरं. आडनाव दगडावर कोरलेलं असतं असं तुमच्या पिढीला वाटतं, ते इथल्या कारकुनांनी शिकवलं. तू जे शोधलंस त्याने पामरचं घराणं पक्कंच झालं.

आता पुढचं बसून वाच. कॉफी घे वाटल्यास.

ती वही शिवायला गेली असो नसो, तीत तुला दोन नोंदी मिळतील. ओलेची, ओले क्नुतसेन. आणि तुझ्या आजोबांची, लार्स पेदेरसेन. एकाचा बाप क्नुत, दुसऱ्याचा पेदेर. सख्खे भाऊ कुठून होतील ते? माझे वडील ओलेच्या बापाच्या शेतावर गडी होते. ओलेबरोबर बोटीत बसले, इथे त्याच्याच झोपडीत राहिले, म्हणून लोक दोघांनाही सोलबाक म्हणू लागले. पुढे जमिनीच्या कागदांत कारकुनाने तसंच लिहिलं. त्यात खोटं कुणीच बोललं नाही. पुढे ८२च्या तापात ओले गेला, त्याची बायको गेली, ज्यांना ठाऊक होतं ते बहुतेक सगळे गेले. मागून आलेल्यांनी वडिलांना ओलेचा भाऊ धरलं, आणि वडिलांनी तो मान ठेवून घेतला. गड्याला चर्चमध्ये मागचा बाक मिळतो, भावाला पुढचा.

तोपर्यंतही कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग मी चोवीस वर्षांची झाले आणि गुन्नारने मला मागणी घातली. वडील म्हणाले की सख्ख्या चुलत भावाबहिणीचं लग्न पाद्री लावणार नाहीत. एवढं एकच वाक्य. गुन्नारने मान खाली घातली, मीही घातली. चार वर्षांनी त्याने लग्न केलं. पामरची आई साधी, चांगली बाई होती, देव तिला सुखात ठेवो. पण ती चर्चमध्ये जी निळी टोपी घालायची तिचा मला अजून राग येतो. जळणं काय असतं ते तू मला शिकवू नकोस.

वडिलांनी खरं सांगितलं ते नंतर. म्हणून मी पॅसिफिकपर्यंत येऊन राहिले. त्या उसन्या नावाचे हप्ते मी फेडले, आता कुणी फेडू नयेत. तुझ्या बाबांना आधी सांग, मग ज्यांच्यासमोर तू पामरला ओलसेन म्हणालास त्यांनाच हेही सांग.

माया कमी झालेली नाही.
थोराआत्या


ब्लोमदाल
२१ मे १९३४

ती. आत्यास,
नमस्कार, या वेळी जरा वाकूनच.

तू लिहिलंस तसंच झालं होतं. तळघरात मी मोठ्या आवाजात शिरगणती वाचली आणि म्हातारा त्यूगे कपातली कॉफी सांडेपर्यंत हसला. म्हणाला की पोराला कॉलेजात घातलं तेव्हा बाराखडी परत घेतली वाटतं. पामर हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

तुझं पत्र आलं, तेव्हा मी ते खळ्यात तीनदा वाचलं. मग बाबांना दिलं. ते वाचून एवढंच म्हणाले की थोरा का निघून गेली ते तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा.

मारितकडे गेलो तर तिने वही टेबलाखालून काढली. शिवायला वगैरे काही गेली नव्हती. तिने ते पान महिन्यापूर्वीच पाहिलं होतं आणि दडवलं होतं ते माझ्यासाठी. मी विचारलं की पामरला ठाऊक आहे का, तर म्हणाली की त्यानेच ते पहिल्यांदा पाहिलं आणि इतिहासात घालायचं नाही म्हणाला. आत्या, सांग, अशा माणसाचा द्वेष तरी नीट करता येतो का?

काल रविवारी मी उभा राहिलो. लार्स पेदेरसेन, सोलबाकवरचा गडी, असं वाचलं. तुझं लग्न का मोडलं तेही सांगितलं, तुला न विचारता. रागावू नकोस. कुणी हसलं नाही. पामरने येऊन हात मिळवला. मी जळतोच आहे, तो मिरवणुकीत मारितबरोबर चालणार हे ईस्टरलाच ठरलंय, पण हात मिळवला.

गुन्नारकाका मात्र जागचे हलले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एकच विचारलं, की थोराला हे कधी कळलं, लग्नाआधी की नंतर. मला उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली, आणि तुझा पत्ता न मागता गेले.

मारित जूनच्या पहिल्या सोमवारी उरलेली पानं उतरवायला ये म्हणालीय. पामरही असेल. जाऊ का?

माझ्यावर लोभ असावा, मी त्याला लायक होईपर्यंत.
हाल्वोर


टाकोमा
२६ मे १९३४

चि. हाल्वोरला आशीर्वाद.

रागावले नाही. गुन्नारला सांग, नंतर. त्याच्या लग्नानंतर अकरा दिवसांनी. आधी कळलं असतं तर मी शेतं तुडवत त्याच्या दारात गेले असते, हेही सांग. मला ठाऊक असूनही मी गप्प बसले असं त्याला त्या रविवारपासून वाटत असेल, तर ते आजच्या आज संपू दे.

आणि तू जा. वह्या उघडायच्या आधी मारितला विचार, तिला तू हवास का ते, पामरसमोर विचारावं लागलं तरी विचार. ती नाही म्हणाली तर फार दुखेल, खोटं सांगत नाही. पण तो नकार तिचा स्वतःचा असेल, कुणा वडिलांच्या खोट्याचा नाही. मला तेवढासुद्धा मिळाला नव्हता.

थोरा पेदेरसेन