मेघालीची सकाळची फेरी

॥ श्री ॥
वळ, ता. भिवंडी
६ जानेवारी २०२५

चि. रंगूस दादाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा वळतो का? भाऊजींचा खोकला उतरला? विठूच्या बाळाला दात आले? फोनवर तू नुसतं हं हं करतेस, ऐकू काही येत नाही, म्हणून लिहितो.

आपल्या मनोजच्या मेघालीला डॉक्टरबाईंना दाखवलं. काळीज ठीक आहे. पण डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं अंग जन्मतः सैल, चरबी लवकर धरते, तिला चालवा, नाचवा, असं बाई म्हणाल्या. चालवू कुठे? शेतावर गोडाऊनं, रस्त्यावर ट्रेलर. सूनबाई दिवसभर पूर्ण्याच्या गोडाऊनात ड्युटीवर. पोर रोज सकाळी आळीतले ओटे फिरते आणि देवीचं लेकरू म्हणून जो तो हातावर लाडू, फरसाण ठेवतो. पोट सुटणार नाही तर काय! मी घरोघर ताकीद दिली. तिलाही सगळ्यांदेखत दरडावलं. तेव्हापासून ती ओट्यांकडे फिरकत नाही.

तुझा,
दादा

किन्हवली
२७ जानेवारी

ती. दादास, रंगूचा शि. सा. नमस्कार.

आम्ही बरे. गुडघा तेवढा रुसलेला.

दादा, रागावू नकोस, पण तू उंदरासाठी कणगीच जाळलीस. अरे, खाऊच्या ओढीने का होईना, पोरगी आळी पालथी घालत होती ना? आळीतल्या बायजाबाईला सांग, लाडवाऐवजी काकडीची फोड ठेव, पण हाक मार. मीच तिला इकडे आणली असती, पण मीच भिंत धरून चालते.

तुझी,
रंगू

वळ
१५ एप्रिल

चि. रंगूस आशीर्वाद.

तुझं ऐकलं. बायजाबाई रोज ओट्यावरून हाका मारते. मेघाली उंबऱ्यातून मान हलवते, आजोबा ओरडतील म्हणते, आणि टीव्हीपुढे जाऊन बसते. मी हात धरून नेलं, तर दुसऱ्या ओट्याशी मटकन बसली. धाप लागली होती.

मध्यंतरी वजन उतरलं. मनोजने पेढे वाटले. मीही मिशीला पीळ दिला. डॉक्टरबाईंनी चरबी मोजायच्या मशीनवर उभं केलं. उतरलं ते मांस, चरबी जागच्या जागी, असं म्हणाल्या. बसून बसून पाय वाळले. पुन्हा भरतील का विचारलं, तर हलली तर, म्हणाल्या. रोगापेक्षा औषध जालीम झालं गं.

काल मीच बायजाबाईच्या ओट्यावर काकडीची फोड घेऊन बसलो. सूनबाईने तिला कशीबशी आणली. तिने फोड घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याच खिशात घालून तोंडावर बोट ठेवलं. आळीत माझा शब्द कुणी मानत नाही, म्हणून तू हसायचीस ना? या पोरीने तेवढा मानला. आता तो परत कसा घेऊ?

सुचलं काही तर लवकर लिही. नाही सुचलं तरी लिही.

तुझा,
दादा