पिंजऱ्यातला जुना भुसा

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला होता. सोमवारपासून तुझं इन्सुलिन बंद आणि आमचं औषध सुरू, म्हणून तू घरभर मिरवतोयस म्हणे. 'आमच्या उंदीरवालीचं औषध' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोस.

प्रयोगशाळेतले माझे उंदीर तू पाहिलेस. मुठीत मावत नाहीत इतके लठ्ठ, सदा तहानलेले, रक्तात साखरच साखर. तू स्वतःच्या पोटावरून हात फिरवून म्हणाला होतास, आपलेच भाऊबंद. औषध दिल्यावर त्यांचं इन्सुलिन दुपटीनं स्रवलं, तेव्हा सगळ्यांत आधी तुला कळवलं. माणसांवरच्या चाचणीत नाव घाल म्हणून तुझ्या मागेही मीच लागले.

खाल्लं की इन्सुलिन आपोआप वाढतं, म्हणून रक्त घेण्याआधी उंदरांना सहा तास उपाशी ठेवतात. नुसतं खाणं काढून भागत नाही, पिंजराही नवा लागतो, कारण हे खादाड भुशात दाणे पुरून ठेवतात. औषध न दिलेल्यांचे पिंजरे मी बदलले. मग धुतलेले पिंजरे संपले, म्हणून औषधवाल्यांचं फक्त खाणं काढलं. एवढ्यानं काय बिघडतंय, असं वाटलं. गेल्या महिन्यात औषधवाल्यांच्या एका पिंजऱ्याचा भुसा उपसताना मूठभर दाणे निघाले. सगळ्यांना नव्या पिंजऱ्यांत घालून प्रयोग पुन्हा केला. इन्सुलिन जागचं हललं नाही. औषधानं काहीच केलं नव्हतं रे, ते उंदीर नुसते जेवले होते.

आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मूठभर भुशापायी सगळ्यांची दोन वर्षं पाण्यात घालणार आहेस का?" मी गप्प बसले. दादा, तीन आठवडे गप्प बसले. तू फोनवर थट्टा करायचास आणि मी हवापाण्याचं बोलायचे. माझी मलाच लाज वाटते.

आताही फोन केला असता, तर माझ्यासाठी नोकरी घालवू नकोस म्हणून तू मलाच समजावत बसला असतास. म्हणून कागदावर लिहिलं. दोन्ही वेळचे आकडे सोबत जोडलेत, त्यांखाली माझी सही आहे. इन्सुलिन बंद करू नकोस आणि सोमवारी हे सगळं चाचणीच्या डॉक्टरांच्या हातात दे. तुझ्यामागे यादीत अजून एकोणचाळीस जण आहेत. त्यांच्यातल्या कुणाचीच बहीण आमच्याकडे कामाला नाही.

तुझीच,
धाकटी